फुकटचा कॉपियर नको

एका व्यापाऱ्याने आमच्या मोहल्ल्यातल्या मदत केंद्राला ऑफिसातला जुना, मोठा कॉपियर देऊ केला तेव्हा 'नको' म्हणणारा मी एकटाच होतो. केंद्राची चावी सांभाळणारे चाचा वैतागले, "बेटा, फुकट मिल रहा है और तुम नखरे कर रहे हो?"

नखरे नव्हते. ऑफिसच्या मोठ्या कॉपियरमध्ये बरेचदा हार्ड डिस्क असते आणि त्यातून गेलेल्या कागदाची प्रतिमा तिच्यावर राहू शकते. 2010 साली अमेरिकेत सीबीएस न्यूजने वापरलेले कॉपियर विकत घेऊन त्यांच्या डिस्क तपासल्या. एकावर ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या विमा संस्थेकडच्या लोकांच्या वैद्यकीय नोंदी निघाल्या. 2013 मध्ये त्या संस्थेला 12 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. म्हणजे जुनं मशीन घेताना आपण दुसऱ्यांचे कागद घरात आणतो आणि उद्या ते भंगारात देताना आपल्या माणसांचे कागद बाहेर देतो. आपल्याकडे येणारा माणूस आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, कधी तलाकचे कागद विश्वासाने टेबलावर ठेवतो. डिस्क पुसायची कशी हे माहीत असेल तर मोठं मशीन जरूर घ्या. आमच्यात ते करायला वेळ असलेलं कोणी नव्हतं.

मग नवं छोटं मशीन घ्यायचं ठरलं. तुम्हीही घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा : कोणते कागद येतात, किती पानं, रंगीत किती. आमच्याकडे रंगीत जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणून काळं-पांढरं लेझर घेतलं. इंक टँक वाईट नाही. वीज कमी खातं, जिथे लाइट सारखी जाते तिथे तेच बरं. लेझरचा आतला फ्यूझर तापतो, त्यामुळे ते छोट्या यूपीएसवर लावू नये. पण इंकचं मशीन वापराविना महिनाभर पडून राहिलं तर शाई वाळून नोझल बंद होतात. आणि आमचं केंद्र फॉर्मच्या दिवसांत ओसंडतं, एरवी सुनंसुनं.

किमतीला भुलू नका. पान कितीला पडतं ते विचारा. 600 रुपयांचं कार्ट्रिज 200 पानं देत असेल तर शाईच 3 रुपयांना पडली, कागद वेगळा. टोनरच्या खोक्यावर छापलेली पानांची संख्या साधारण 5 टक्के काळ्या पानावर मोजलेली असते. आधार कार्डाची काळ्या कडांची झेरॉक्स त्याहून बरंच जास्त पिते. नव्या मशीनसोबत येणारा टोनरही अनेकदा अर्धवट भरलेला असतो. दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही.

आता आमची चूक सांगतो. स्कॅनरची काच किती लांब आहे हे मी पाहिलंच नाही. छोट्या मशीनची काच बहुधा ए-फोर मापाची असते आणि प्रतिज्ञापत्र लीगल कागदावर. एका खालाच्या प्रतिज्ञापत्राचा खालचा भाग कापला गेला. नेमका तिथेच नोटरीचा शिक्का होता. अर्ज परत आला, खालाचा एक दिवसाचा रोज बुडाला आणि ती मला काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. लीगल पान वरच्या फीडरमधून जातं, पण घडी पडून विरलेला जुना निकाहनामा त्यात घालू नका, अडकून फाटेल. म्हणून फीडर आणि काच, दोन्ही हवेत. दुकानात जाताना एक लीगल कागद खिशात घेऊन जा.

स्कॅनबद्दल आणखी एक. 2013 साली जर्मनीच्या डेव्हिड क्रिझेल यांना दिसलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतात. इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, पण स्कॅनमध्ये तिन्ही 14.13 चौरस मीटर. फाइल लहान करण्यासाठी सॉफ्टवेअर सारखे दिसणारे आकार एकच समजत होतं. त्यात 6 चा 8 व्हायचा, तोही स्वच्छ, ठसठशीत. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण पोर्टलच्या केबीच्या मर्यादेत बसवायला आपणही पीडीएफ पिळून काढतोच. तेव्हा अपलोड करण्याआधी खाते क्रमांक मूळ कागदाशी एकदा ताडून बघा. हे काम मशीनवर सोडू नका, मी इंजिनिअर असून सांगतोय.

चाचांचा राग आता गेलाय. कुलूप लावण्याआधी ते रोज मशीनचं झाकण उचलून बघतात. गेल्या जुम्म्याला काचेवर कुणाची तरी बारावीची मूळ गुणपत्रिका राहिली होती.