वसवलेल्या गावांनी पुरावा कुठून आणायचा?

झाशीत राहणाऱ्याच्या एक गोष्ट सहज लक्षात येते. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांच्याकडे येथील कारभार आला. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी आणि बाजारात बुंदेली बोलतात, भाद्रपदात गणपती बसवतात. ‘तुम्ही मूळचे कुठले, कागद दाखवा’ असे त्यांना कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात मात्र अशी काही गावे आहेत, जी खुद्द शासनाने वसवली आणि तरीही जी साठ वर्षांनंतर पुराव्याच्या रांगेत उभी आहेत.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर, देशबंधुग्राम, खुदीरामपल्ली अशी गावे आहेत. नावांवरूनच त्यांचा उगम कळतो. १९६४ च्या जानेवारीत खुलना आणि ढाक्याच्या परिसरात दंगली उसळल्या आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचा नवा लोंढा आला. पश्चिम बंगालमध्ये आता जागा नाही, अशी भूमिका घेऊन त्यांना मध्य भारतात पाठवण्यात आले. त्यासाठी १९५८ पासूनच दंडकारण्य प्रकल्प उभा होता. रायपूरजवळच्या माना येथे मोठी छावणी होती. तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातही वसाहती आखल्या गेल्या. आलेल्यांपैकी बहुसंख्य नमःशूद्र शेतकरी होते.

नदीच्या गाळात भात पिकवणाऱ्या माणसांना येथे साग-बांबूच्या रानातली जमीन मिळाली. त्यांनी घरामागे तळी खोदली, मासे सोडले, बांध घालून धान लावले. दुर्गापूजा आणि कालीपूजा सुरू झाल्या, हरिनामाचे कीर्तन घुमू लागले. शेजारी गोंड आणि माडिया. आठवडी बाजार एकच. मुले मराठी शिकली. इतरत्र दंडकारण्यातून १९७८ मध्ये हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझापीकडे निघून गेले आणि १९७९ मध्ये तेथून बळाने हुसकावले गेले. त्या तुलनेत गडचिरोलीचे पुनर्वसन टिकले, असेच म्हणावे लागेल.

पण टिकले म्हणजे पूर्ण झाले असे नव्हे. पहिला प्रश्न जातीचा. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. १९५० पासून या याद्या राज्यनिहाय आहेत आणि स्थलांतरिताचा दर्जा त्याच्यासोबत प्रवास करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. परिणामी एकाच आजोबांच्या नदिया जिल्ह्यातील नातवाला दाखला मिळतो, मुलचेऱ्यातील नातवाला नाही. स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्यास हा नियम समजावून सांगता येईल. शासनाने ज्याला नेऊन वसवले, त्याला तो कसा सांगायचा?

दुसरा प्रश्न जमिनीचा. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग-२ ची असते. तिच्या हस्तांतरणासाठी परवानगी लागते. वनहक्क कायदाही उपयोगाचा नाही. २००६ च्या या कायद्यानुसार बिगर-आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. १९६४ नंतर आलेल्यांना ते अशक्य आहे. तिसरा प्रश्न रोजगाराचा. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदे स्थानिक आदिवासींसाठी ठेवली. ज्या प्रदेशात बाहेरच्यांनी आदिवासींच्या जमिनी आणि नोकऱ्या बळकावल्याचा इतिहास आहे, तेथे अशा संरक्षणामागचा हेतू मी योग्यच मानतो. परंतु त्याच वेळी बंगाली तरुणाला ना जातीचे आरक्षण, ना स्थानिकत्वाचा लाभ, अशी स्थिती होते.

या जुन्या प्रश्नांवर आता संशयाची सावली पडली आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे समोर आल्यावर त्यांना परत आणावे लागले. बेकायदा घुसखोरांचा शोध घेणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. मात्र बोली हाच संशयाचा आधार ठरला, तर मुलचेऱ्याहून मुंबईस कामाला गेलेला मुलगाही त्यात सापडू शकतो. कायदा त्याच्या बाजूने आहे: २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. वसाहतींत जन्मलेल्या पहिल्या पिढीचा मोठा भाग यात येतो. म्हणून २०१९ च्या दुरुस्ती कायद्यान्वये त्यांना अर्ज करायला लावणे म्हणजे जे आहे तेच पुन्हा मागायला लावणे होय.

फायली वाचण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला उपाय फाइलीतच दिसतो. या कुटुंबांची नोंद शासनानेच केली होती: छावणीची यादी, जमीनवाटपाचे आदेश, वसाहतीचे नकाशे. हे दप्तर जिल्हाधिकाऱ्यांनी शोधून, प्रमाणित करून प्रत्येक कुटुंबाला द्यावे. पुराव्याचा भार ज्याने दप्तर ठेवले त्याने उचलावा. नमःशूद्रांच्या समावेशाचा प्रस्ताव राज्याने सामाजिक अभ्यासासह केंद्राकडे पाठवावा, कारण अनुच्छेद ३४१ प्रमाणे यादी बदलण्याचा अधिकार संसदेचाच आहे. जमीन वर्ग-१ करताना ती बाहेरच्या खरेदीदारांकडे जाणार नाही अशी अट ठेवावी. आणि अनुच्छेद ३५०-क प्रमाणे प्राथमिक शाळेत बंगालीचा शिक्षक द्यावा.

यांपैकी काहीही गोंड-माडियांच्या वाट्यातून देण्याची गरज नाही. तसे केल्यास दोन दुर्बळ एकमेकांसमोर उभे राहतील. झाशीतील मराठी माणूस सत्तेबरोबर आला, म्हणून त्याच्या वास्तव्याची सनद कोणी विचारली नाही. मुलचेऱ्याचा बंगाली माणूस सर्वस्व गमावून, शासनाचा शब्द घेऊन आला. तो शब्द लेखी आहे. त्या कागदाचा शोध आपण त्याच्यावर सोपवू नये.