बंड विकले गेले. पण मालक कोण?

अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन हे लाकूडतोडीवर आणि लाकडाच्या गिरण्यांवर पोसलेले गाव. १९८० च्या दशकात तो धंदा बसला आणि कामगारांच्या मुलांपुढे बेकारी उभी राहिली. याच गावातील कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी १९८७ मध्ये 'निर्वाणा' हा रॉक वाद्यवृंद उभारला. सिएटलच्या 'सब पॉप' या छोट्या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाला अवघे ६०६ डॉलर लागले होते.

'नेव्हरमाइंड' हा दुसरा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ रोजी गेफेन या बड्या कंपनीमार्फत आला. कंपनीने अमेरिकेत प्रारंभी सुमारे ४६ हजार प्रतीच बाजारात पाठवल्या होत्या. परंतु जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे सारून 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. आजवर जगभर त्याच्या सुमारे ३ कोटी प्रती खपल्या आहेत. मुखपृष्ठावर गळाला लावलेल्या डॉलरच्या नोटेमागे पोहणारे तान्हे बाळ आहे. पैशाच्या मोहाची ही चेष्टाही कंपनीने खुशाल विकली, आणि नफा मिळवला.

तेव्हापासून अनेक पुरोगाम्यांचा निवाडा ठरलेला आहे : पोरे विकली गेली. हा निवाडा सोपा आहे, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. लाखो तरुणांना एखादे गाणे आपले वाटले, हा त्या गाण्याचा अपराध कसा ठरतो? लोकप्रियतेलाच पाप मानणे ही समाजवादी दृष्टी नव्हे. तो मूठभर रसिकांचा अहंकार आहे. शिवाय या तरुणांनी आपली मते गुंडाळून ठेवली नव्हती. वंशद्वेष्ट्यांनी, स्त्रियांचा व समलिंगी व्यक्तींचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्या ध्वनिमुद्रिका घेऊ नयेत, असे कोबेनने १९९२ मध्ये एका संग्रहासोबत छापले. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोलगत त्यांनी बोस्नियातील अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या मदतीसाठी जलसा केला.

तरीही भांडवलाने आपले काम चोख केले. १९९० मध्ये एमसीएने गेफेन विकत घेतली आणि लगोलग एमसीएच जपानच्या मात्सुशिता उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. टेप वाजवण्याचे यंत्र आणि त्यावर वाजणारे बंड, दोन्ही एकाच मालकाची! आरंभी तिघा वादकांत समान वाटले जाणारे गीतरचनेचे मानधन यशानंतरच्या नव्या करारान्वये बव्हंशी एकट्या कोबेनकडे वळले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. ज्या सब पॉपला या यशातून मिळालेल्या हिश्श्याने तारले, तिचाही ४९ टक्के वाटा १९९० च्या दशकाच्या मध्यात वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेला. ही कोणा एकाच्या स्वभावातील खोट नव्हे. मालकी जिची असते तिचेच नियम अखेर घरात शिरतात.

याच काळात दुसरा मार्गही उपलब्ध होता. राजधानी वॉशिंग्टनमधील 'डिसकॉर्ड' ही संस्था १९८० मध्ये वादकांनीच स्थापन केली. तिच्या 'फुगाझी' या वाद्यवृंदाने बड्या कंपन्यांना नकार दिला आणि कार्यक्रमांचे तिकीट ५ डॉलरच्या आसपास ठेवले. निर्वाणाचा १९९३ चा अल्बम मुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनी यांनी विक्रीवरील टक्केवारी नाकारून केवळ ठरावीक मेहनताना घेतला. त्यांच्या मते टक्केवारी हा वादकांच्या कमाईवर डल्ला होता. डिसकॉर्डचा खप नेव्हरमाइंडच्या जवळपासही गेला नाही, हे खरे. पण निर्णय वादकांच्या हाती राहिले.

कोबेनचा १९९४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अंत झाला. त्याच्या मृत्यूला एकच कारण चिकटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु आपण विकलो गेलो की काय, हा प्रश्न त्याने एकट्याने वाहिला, आणि तसे घडायला नको होते. कलावंताकडून वैयक्तिक पावित्र्याची अपेक्षा करायची आणि त्याला मुद्रणालय, वितरण वा सभागृह यांपैकी काहीच उभारून द्यायचे नाही, ही चळवळीची सोयीस्कर नीती आहे. गाणाऱ्याला विकला गेलास का, असे विचारण्यापूर्वी चळवळीने स्वतःला विचारावे : त्याच्यासाठी आपण कोणते दुसरे दार उघडे ठेवले होते?