एए, पीबी आणि "माल हलका आहे"

कॉफीवर लिहितोय म्हटल्यावर गाववाले विचारतील, अरे, चिखलीत कुठून आली कॉफी? बरोबर आहे. आमच्याकडे सोयाबीन, कपाशी, तूर. महाराष्ट्रात कॉफी म्हणजे चिखलदरा, तीही थोडीशीच. खरी पिकते ती कर्नाटकात, चिकमगळूर नि कुर्गात. चिखली, चिखलदरा, चिकमगळूर... नावं जवळची, पण मालाची प्रत ठरवायची रीत फार लांबची. आज भांडायचंय ते त्या रीतीवरून.

कॉफीची झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवतात. फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून पिकलेली लाल फळं हातानं तोडतात. गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला 'प्लँटेशन' म्हणतात, अख्खी फळं वाळवली तर 'चेरी'. साल काढली की बी चाळणीवर जातं. साधारण ७ मिलिमीटरच्या भोकांवर जे राहतं ते एए. मग ए, बी, सी. फळात दोनाऐवजी एकच गोल बी निघालं तर ते पीबी. काळं, फुटकं, किडकं बी वेगळं काढतात. शेवटी कॉफी करून, चाखून गुण देतात. १०० पैकी ८० च्या वर गेली तर 'स्पेशालिटी'.

आता एए म्हणजे चव उत्तम असं अजिबात नाही! तो नुसता आकार आहे. पण एए म्हणजे काय ते लिहिलेलं आहे. विकणारा नि घेणारा एकच चाळणी धरून बोलतात. माझा मुद्दा एवढाच.

आता या सोयाबीनवर. मापं इथेही आहेत बरं का. हमीभावाच्या खरेदीसाठी 'एफएक्यू' प्रत लागते आणि त्यात ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ वर नेली. म्हणजे आकडा सरकारला माहीत आहे, तेल मिलवाल्याला माहीत आहे. पण हर्रासात काय होतं? मूठभर दाणे हातात घेतले, एक दाताखाली धरला, "माल हलका आहे", झाला भाव! किती हलका? कशानं? ओलावा, माती की डागी दाणे? उत्तर नाही.

इंजिनियर माणूस, गणित केल्याशिवाय राहवत नाही. १४ टक्के ओलाव्याच्या १ क्विंटलमध्ये कोरडा माल ८६ किलो. तोच १२ टक्क्यांवर आणला तर वजन भरतं ९७.७ किलो. म्हणजे घट सुमारे २.३ टक्के. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर क्विंटलमागे १२१ रुपये. वाळवणीचा खर्च, खराब व्हायची जोखीम, तेही कापा, पण वेगळं लिहून कापा. ४००-५०० रुपये कापले गेले, तर उरलेले कशाचे, हे विचारायचा हक्क शेतकऱ्याला आहे की नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं: कॉफी हे महागडं पीक, सोयाबीनला एवढे लाड परवडत नाहीत. पण सोयाबीन चाखून १०० पैकी गुण द्या असं कोण म्हणतंय? ओलावा मोजायला यंत्रावर काही मिनिटं लागतात, काडीकचऱ्याला चाळणी नि वजनकाटा पुरतो. २०१६ साली सुरू झालेल्या ई-नाममध्ये बोलीच्या आधी मालाची तपासणी करायची सोय ठेवलीच आहे. आणि मिलच्या दारात गाडी गेली की नमुना काढतातच ना? म्हणजे मोजमाप होतंच, फक्त शेतकरी घरी गेल्यावर होतं.

दुसरं उत्तर: शेतकरीच ओला माल आणतो. आणतो कधीकधी, खरं आहे. सोंगणीत पाऊस, डोक्यावर उधारी, घरात पोती ठेवायला जागा नाही. पण म्हणूनच तर आकडा हवा. शेजाऱ्यानं चार दिवस ऊन दाखवलेला माल नि ह्याचा ओला माल एकाच भावात गेला, तर पुढच्या वर्षी वाळवायची मेहनत कोण करेल?

मागणी साधी आहे. बोलीच्या आधी ओलावा, काडीकचरा, डागी दाणे, हे तीन आकडे ढिगावर लावा आणि हिशोबपट्टीवर छापा. भाव मग बाजार ठरवू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. "माल हलका आहे" हे वाक्य तेवढं बंद करा.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, पण येताना आकडे घेऊन या.