८० पैकी ७९ जण पहिले नसतात. निवडक शाळेला पालकांनी नेमकं काय विचारावं?

धामणगाव रेल्वे : दहावीचा निकाल लागला की गावात घरोघरी एकच विषय निघतो. पोराला इथंच ठेवायचं, की बाहेर टाकायचं? एकीकडची गाडी वर्धा-नागपूरला जाते, दुसरीकडची बडनेरा-अकोल्याला. दोन्हीकडे नीट-जेईईच्या बॅच आहेत, होस्टेल आहेत. काही घरांत तर हा प्रश्न पाचवीतच येतो, नवोदयच्या फॉर्मसोबत.

निर्णय मात्र बऱ्याचदा एकाच गोष्टीवर होतो, ती म्हणजे टॉपरचे फोटो असलेलं बॅनर. त्या बॅनरवरून शाळा कळत नाही. कशी, ते समजून घेऊ.

नवोदयची निवड कशी होते?

देशात १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं घेतली जातात. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. संधी एकदाच मिळते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. नगरपरिषद हद्दीतली शाळा शहरी धरली जाते. त्यामुळे धामणगाव शहरात शिकणारं मूल आणि तालुक्यातल्या खेड्यात शिकणारं मूल यांची वाट सारखी नसते.

राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश मोफत. शेतकरी किंवा मजुराच्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्यासारखीच गणिताची आवड असलेली मुलं तिथं भेटतात, हाही फायदा खरा आहे. म्हणून अशा शाळांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग अडचण कुठे?

साधं गणित आहे. आपापल्या शाळेत पहिली येणारी ८० मुलं एका वर्गात आणली, तर पहिलं एकच येतं. उरलेल्या ७९ जणांना आयुष्यात पहिल्यांदाच मागं राहण्याची सवय करावी लागते, तीही घरापासून दूर. त्यात मराठीतून शिकलेल्या मुलाला वरच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून समजून घ्यायचं असतं. मूल तेच, मेहनत तीच, पण नंबर ४५. घरी फोनवर पहिला प्रश्न काय येतो? 'कितवा आला?'

दुसरा मुद्दा निकालाचा. जी संस्था आधीच हुशार मुलं निवडून घेते, तिचा निकाल चांगला लागणारच. त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे बॅनर सांगत नाही. वीस फोटो दिसतात. ते ६० मुलांतले वीस आहेत की दोन हजारांतले, हा आकडा लिहिलेला नसतो.

अकरावीला काय बदलतं?

इथं स्पर्धा आणखी अरुंद होते. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण १८ जणांमागं एक जागा, आणि त्यातही सरकारी फीची जागा याहून कमी. बहुतेक मुलांना हवी ती जागा मिळणार नाही, हे आधीच माहीत असतं. तरीही अनेक ठिकाणी टेस्टच्या गुणांवर दर महिन्याला बॅच बदलते आणि शेवटच्या बॅचमधल्या मुलाला आपली 'किंमत' रोज कळत राहते.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंगमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना किंवा दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी आणि गुणांवरून वेगळ्या बॅच करू नयेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने पुढचं पाऊल टाकलं. शाळा, कॉलेज, होस्टेल, कोचिंग अशा सगळ्यांसाठी निर्देश दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि मुलांचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे.

म्हणजे खाली दिलेले प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, तो पालकांचा हक्क आहे.

प्रवेशाआधी हे पाच प्रश्न विचारा

१. मागच्या वर्षी किती मुलं बसली आणि किती मध्येच सोडून गेली?
२. टेस्टचे गुण भिंतीवर लावता का? बॅच गुणांवर करता का?
३. मागं पडलेल्या मुलासाठी काय करता? कोण शिकवतं, किती वेळ?
४. समुपदेशक कोण आहे आणि मूल त्याला थेट भेटू शकतं का?
५. रविवारी मूल काय करतं?

पहिल्या नंबरच्या मुलाला कुठलीही शाळा जपते. म्हणून शक्य असेल तर टॉपरला नाही, मधल्या नंबरच्या मुलाच्या आई-वडिलांना भेटा. शाळेचं खरं वातावरण त्यांना माहीत असतं.

एक प्रश्न मात्र शाळेला विचारायचा नाही. तो घरातच ठरवायचा आहे : पोराचा नंबर ४५ वा आला, तर फोनवर आपण पहिलं वाक्य काय बोलणार? 'जेवलास का?' हे उत्तर तयार असेल, तर स्पर्धेच्या शाळेचा विचार जरूर करावा. नसेल, तर पोराआधी घराची तयारी करावी लागेल. आणि पोराला जायचंच नसेल, तर गावात राहून शिकणं ही हार नाही, हे सांगण्याची जबाबदारीही पालकांचीच आहे.