संयुक्त ताबा आणि १८९०चा कायदा

केरळमधील एका दाम्पत्याच्या मुलांचे प्रकरण एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, तेव्हा त्याची चर्चा झाली ती घरच्या जेवणावरून. सिंगापूरमध्ये नोकरी करणाऱ्या पित्याला उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे दोन्ही मुलांचा ताबा महिन्यातून पंधरा दिवस दिला होता. त्यासाठी त्याने तिरुवनंतपुरममध्ये भाड्याने घर घेतले आणि दर महिन्याला तो विमानाने येऊ लागला. सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांच्या मुलीशी संवाद साधला. त्या पंधरवड्यात तिच्या वाट्याला हॉटेलातलेच जेवण येते आणि पित्याखेरीज सोबतीला कोणी नसते, असे त्यातून दिसले. पंधरा दिवसांची व्यवस्था रद्द होऊन तिच्या जागी एक आड एक शनिवार-रविवार आणि ठरलेल्या वारी व्हिडिओ कॉल असे वेळापत्रक आले. पित्याच्या जिव्हाळ्याबद्दल न्यायालयाने शंका घेतली नाही.

जेवणाचा मुद्दा मला फारसा पटला नाही. स्वयंपाक कोणालाही शिकता येतो. मला प्रश्न पडला तो असा की, मुळात ‘पंधरा दिवस’ हा आकडा आला कोठून?

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३मध्ये अशाच एका वादात मुलाचे वर्ष दोन भागांत विभागले होते. जानेवारी ते जून पित्याकडे, जुलै ते डिसेंबर मातेकडे. शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा. संयुक्त ताब्याच्या भारतीय इतिहासातील हा निकाल महत्त्वाचा मानला जातो आणि विधी आयोगानेही त्याची दखल घेतली. परंतु शाळेचे वर्ष सुरू होते जूनच्या सुमारास. म्हणजे एकाच इयत्तेत असताना मुलाचे घर बदलणार. दोन्ही घरे शाळेपासून जवळ असतील तर हे निभते. एरवी पंचांग पाहून केलेली ही विभागणी आईबापांना समान वाटते आणि मुलाला मात्र दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागते.

याचा दोष न्यायाधीशांना देता येणार नाही. त्यांच्या हाती जो कायदा आहे त्यात संयुक्त ताब्याविषयी चकार शब्द नाही. पालक व पाल्य अधिनियम १८९०चा आहे आणि त्या काळच्या शासनाची चिंता मुलांपेक्षा त्यांच्या जमीनजुमल्याची अधिक होती. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला त्या कायद्याची रचनाच बोलकी वाटते. व्यक्तीच्या पालकासाठी २४ ते २६ ही अवघी तीन कलमे. मालमत्तेच्या पालकाने काय करावे, काय करू नये, हिशेब कसे सादर करावेत यासाठी २७ ते ३७. जिल्हाधिकाऱ्याला पदसिद्ध पालक नेमण्याचीही त्यात सोय आहे. सेवेत असताना मला ते कलम गमतीचे वाटत असे. पाल्याचे हित पाहावे, असे कलम १७ सांगते; वयाने समजूतदार मुलाची पसंती विचारात घेता येते, असेही सांगते. मात्र दोन घरांत वाढणाऱ्या मुलाची कल्पनाच त्या मसुदाकारांनी केलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची भर तुटपुंजी आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पित्याला नैसर्गिक पालक ठरवले, ‘त्याच्यानंतर’ मातेला, आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे मातेकडे ठेवला. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही पुरेशी मानली गेली नाही म्हणून लेखिका गीता हरिहरन न्यायालयात गेल्या. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावून तो प्रश्न सोडवला. कायद्यातले शब्द मात्र तेच राहिले. १८९०च्या कायद्यातील कलम १९मध्ये पित्याच्या जोडीला मातेचा उल्लेख येण्यासाठी २०१० उजाडावे लागले.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५मध्ये २५७वा अहवाल दिला. संयुक्त ताब्याला कायद्यात स्थान द्यावे, मातापित्यांकडून पालनाची लेखी योजना घ्यावी, आजी-आजोबांच्या सहवासाचाही विचार करावा, अशा त्यातील शिफारशी आहेत. संयुक्त ताबा हेच हिताचे, असे गृहीतक मात्र आयोगाने नाकारले. हा संयम मला योग्य वाटतो. ऑस्ट्रेलियाने २००६मध्ये समान पालकीय जबाबदारीचे गृहीतक कायद्यात घातले आणि २०२३च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. गृहीतक म्हटले की, समान वाटणी नको असलेल्यावर ते खोडून काढण्याचा भार येतो आणि मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीला तो पेलणे सर्वांत कठीण जाते. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१खाली दंडाधिकाऱ्याला प्रसंगी भेट नाकारता येते. ही तरतूद कोणत्याही नव्या रचनेत दुबळी होता कामा नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचे मन कलुषित करण्याच्या प्रकाराची गंभीर नोंद घेतली. २०२०मध्ये, मुलाला दोघांच्याही प्रेमाचा अधिकार आहे, असे बजावले. पण भेटीचा आदेश मिळालेल्या पित्याला ऐन वेळी ‘मुलाला बरे नाही’ असा निरोप आला, तर तो काय करील? पुन्हा अर्ज, अवमानाची नोटीस, पुढची तारीख. तोवर उन्हाळ्याची सुट्टी संपलेली असते.

माझ्या मते खरा पेच येथे आहे. न्यायालये दिवस वाटून देतात, पण वाटलेले दिवस मुलाला मानवतात की नाही हे पाहणारे कोणी नाही. २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधीलच दुसऱ्या एका प्रकरणात स्वतःचाच वर्षभरापूर्वीचा आदेश पुनर्विलोकनात फिरवला, कारण ताबा बदलण्याच्या धास्तीने त्या मुलाचे मानसिक स्वास्थ्य ढासळल्याचे वैद्यकीय अहवाल पुढे आले. हे औदार्य स्तुत्य आहे; परंतु मुलाची झोप उडाली आहे हे कळण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत का जावे? प्रशासनात आम्ही साध्या पाणीपुरवठा योजनेचाही सहामाही आढावा घेत असू.

यासाठीची साधने अगदीच नाहीत असे नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४च्या कलम ५मध्ये समाजकल्याण संस्थांचे साहाय्य घेण्याची आणि कलम ६मध्ये समुपदेशक नेमण्याची तरतूद आहे. कलम २१खाली उच्च न्यायालये नियम करू शकतात. ताब्याच्या प्रत्येक आदेशानंतर सहा महिन्यांनी समुपदेशकाने मुलाला भेटून अहवाल द्यावा, शाळा, दवाखाना, पारपत्र यांविषयीचा निर्णय कोणी घ्यायचा ते आदेशातच लिहावे, चुकलेल्या भेटीची भरपाई पुढील पंधरवड्यात आपोआप मिळावी. एवढे नियम एखाद्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्यापुरते केले, तरी त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.