विश्लेषण : गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही... बॅटरी बदलण्याआधी काय मोजावे?

सकाळी सेल्फ मारला की नुसते 'टक' होते. पाच मिनिटांनी तीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की दोष काही केल्या दिसत नाही. मग 'बॅटरी उतरली असेल' म्हणत चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसते, महिना बरा जातो आणि एखाद्या रात्री करंजी घाटाच्या अलीकडे पुन्हा तेच 'टक'.

अहिल्यानगर हा १७ हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातून नगरच्या दवाखान्यात यायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापावे लागते. अशा ठिकाणी अधूनमधून दगा देणारी गाडी पूर्ण बंद पडलेल्या गाडीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्या भरवशावर माणूस घरातून निघतो. हा दोष सापडत नाही, याचे मोठे कारण तो मोजला जात नाही. अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि अंदाज चुकल्याचे बिल मालक भरतो. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी 'व्हीआरडीई' ही डीआरडीओची प्रयोगशाळा ज्या शहरात आहे, तिथेही गल्लीतल्या गॅरेजचे निदान बहुतेकदा कानानेच होते.

हॉर्न वाजतो, लाइट लागते, मग गाडी का उठत नाही?

'लाइट फुल लागतेय, म्हणजे बॅटरी चांगली' हा सर्वांत फसवा समज. हेडलाइटच्या जोडीला साधारण १० अँपिअर करंट लागतो. छोट्या पेट्रोल कारच्या सेल्फला १५० अँपिअरच्या आसपास लागतो, डिझेलला याहून बराच जास्त. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचून तिथे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला असे धरा. शाळेतला ओहमचा नियम लावला तर हेडलाइटसाठी तिथे ०.२ व्होल्ट वाया जातात, डोळ्यांना फरकही कळत नाही. सेल्फसाठी मात्र त्याच जागी ३ व्होल्ट जातात. १२ पैकी ३ व्होल्ट वाटेतच गेले तर सेल्फ फिरणार कसा? बॅटरी ठणठणीत असूनही गाडी उठत नाही.

आणि हा अडथळा रोज सारखा नसतो. क्लॅम्प जरा हलला, इंजिनने हिसका दिला, पाऊस-धूळ बसली की तो कमी-जास्त होतो. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक टर्मिनल घासतो, नट आवळतो. गाडी सुधारते ती कित्येकदा त्या घासण्याने, श्रेय मिळते बॅटरीला. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी तर कोणी उघडूनही पाहत नाही. आमच्या मते पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.

लांबच्या प्रवासानंतरच त्रास होतो का, हेही लक्षात ठेवा. पुण्याहून येताना सुप्याला चहाला थांबलात आणि गरम गाडी उठली नाही, अर्ध्या तासाने उठली, तर रोख सेल्फकडे जातो. तांब्याचे तापमान ५० अंशांनी वाढले की त्याचा विरोध साधारण २० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे सेल्फच्या सोलेनॉइडची ओढ कमी पडते. सेल्फवर हलकेच ठोकले की गाडी सुरू होत असेल, तर आतले कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी. ठोकून मुक्कामी पोहोचता येते, पण दुसऱ्या दिवशी सेल्फ-डायनामोवाल्याकडे जायलाच हवे.

उलट थंडीत पहाटेच त्रास होत असेल तर बॅटरी खरोखर म्हातारी झालेली असू शकते. नगरचा पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा १० अंशांखाली उतरतो. बॅटरी झिजवतो मात्र आपला उन्हाळा. थंडी फक्त ते उघड करते.

मल्टिमीटरवर कोणते आकडे पाहायचे?

काही शेकडा रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा खोटा फुगलेला दिसतो. दोन मिनिटे हेडलाइट लावून, मग बंद करून मोजा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा १० च्या आसपास राहायला हवा, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा तपासावी. उतरलेली बॅटरी न भरता 'खराब' ठरवू देऊ नका. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

चौथी मोजणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी केली जाणारी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर दोष अर्थिंगमध्ये आहे. ही मोजणी गाडी नखरे करत असतानाच करायची. सुरळीत असताना ती काहीच सांगत नाही.

सेल्फ अजिबात आवाज करत नसेल, तर मीटर काढण्याआधी क्लच पूर्ण दाबला आहे का ते पाहा. ऑटोमॅटिक गाडी 'पी'ऐवजी 'एन'मध्ये सुरू होत असेल, तर गिअरचा सेफ्टी स्विच तपासा. चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर प्रश्न इमोबिलायझरचा आहे.

डायनामो चार्जिंग करतोय की नाही?

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचे चिन्ह लागले पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझले पाहिजे. ते लागतच नसेल तर खूश होऊ नका. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा करंट त्याच दिव्याच्या वायरीतून जातो. चालू गाडीत ते मंद पेटत राहिले, तर अल्टरनेटरमधला डायोड संशयित. असा डायोड दिवसा चार्जिंग कमी करतो, शिवाय रात्री बॅटरी उलटी रिकामी करू शकतो. पहिल्या पावसात पट्टा किंचाळत असेल, तर तो घसरतो आहे, म्हणजे चार्जिंगही तुटक होते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनामो बघायची' जुनी युक्ती अजून सर्रास चालते. कृपया ती करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. मीटर हेच काम दहा सेकंदांत, काहीही न जाळता करतो. धक्का मारून गाडी सुरू करण्याचेही तसेच आहे. नगरच्या कायनेटिकशी जिचे नाव जोडले गेले ती लूना पायडल मारून सुरू व्हायची, तो जमाना वेगळा. पेट्रोल कारला वारंवार धक्का मारला तर न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरूच होत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी कोण खाते?

वारंवार सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते, असे आपण म्हणतो. हिशेब मात्र वेगळा आहे. १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.०८ अँपिअर-तास, ते काही मिनिटांच्या प्रवासात भरून निघते. खरी चोरी उभ्या गाडीत होते. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील तर ते चालण्यासारखे आहे, पण दिवसाला १.२ अँपिअर-तास जातातच. मुलगा पुण्यात नोकरीला, गाडी राहुरीच्या वाड्यात महिनाभर उभी, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडीत काहीही बिघाड नसताना ती उठणार नाही. त्यात बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम किंवा अँप्लिफायर थेट बॅटरीवर जोडलेला असेल, तर आठवडाही पुरत नाही. हा करंट मोजताना गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे, कारण कॉम्प्युटर लगेच झोपत नाही. उसाच्या फडाशेजारी गाडी लागत असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही पाहाव्यात.

बिलावर काय मागायचे?

सेल्फ मारण्यापूर्वी, मारताना आणि इंजिन चालू असताना, असे तिन्ही व्होल्टेज बिलावर लिहून मागा. बदललेला पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. बॅटरी बदलावीच लागली तर वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी असेल, तर साधी बॅटरी स्वस्त पडते म्हणून बसवू नका, ती लवकर मरते. मागूनही पक्के बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.