पासवर्ड कुणाच्या मालकीचा?
दिवाळीत गडचिरोलीतल्या एका ग्रामपंचायतीत गेलो, तर कॉम्प्युटर बंद. ऑपरेटर नोकरी सोडून गेलेला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात! "तुम्ही इंजिनिअर ना, उघडा की."

एक्सपीच्या काळी सोपं होतं. लिनक्सची बूट सीडी घाला, पासवर्ड कोरा करा, झालं. आता बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती हरवली की डेटा गेलाच. कुलूप असंच घट्ट हवं. चूक किल्ली ठेवणाऱ्याची.

याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ साली बांबू वाहतुकीचं पासबुक भांडून स्वतःच्या ताब्यात घेतलं. जंगलाची किल्ली गावाकडे, आणि कॉम्प्युटरची एकाच माणसाच्या डोक्यात? पासवर्ड आणि की कागदावर लिहा, पाकीट सीलबंद करा, कपाटात ठेवा. इंजिनिअरची वाट कसली बघताय?